कापल्यावर रक्त आपोआप कसं थांबतं? आणि तेच रक्त शरीरात फिरताना का गोठत नाही?

जखम झाली की आधी ती रक्तवाहिनीच आकसते, म्हणजे गळती कमी होते. मग काम प्लेटलेट्सचं, म्हणजे रक्तातल्या अगदी बारीक पेशी-तुकड्यांचं. एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. वाहिनीचं आतलं अस्तर फाटलं की खालचं कोलॅजेन (एक धागेदार प्रथिन) उघडं पडतं, त्याला त्या चिकटतात आणि रसायनं सोडून आणखी प्लेटलेट्स बोलावतात. काही मिनिटांत बुच तयार. पण ते कच्चं असतं, म्हणून सारखं पुसून बघू नका, दाबून धरा.

पक्कं काम फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचं. रक्तातले गोठवणारे घटक (बहुतेक यकृतात तयार होतात) एकामागून एक जागे होतात, शेवटी थ्रॉम्बिन बनतं आणि ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिन धागे करतं. या जाळ्यात रक्तपेशी अडकतात, तीच गुठळी. या साखळीला कॅल्शियम लागतं, आणि काही घटक नीट बनायला व्हिटॅमिन के. हिमोफिलिया ए या रक्त नीट न गोठण्याच्या आजारात यांतला आठवा घटक कमी असतो. प्लेटलेट्स ठीक असल्याने बारीक खरचटणं बहुधा थांबतं, पण सांध्यांत आतल्या आत रक्तस्राव होतो.

आता दुसरा प्रश्न, माझ्या मते जास्त मजेदार. अखंड अस्तर प्लेटलेट्सना चिकटू देत नाही, शिवाय अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सी ही रक्तातली प्रथिनं गोठण्याची साखळी आवरतात. जखम भरत आली की प्लाझ्मिन गुठळी विरघळवतं. हा तोल बिघडून पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली, तर ती सुटून फुप्फुसात अडकू शकते. एकाच पायाला अचानक सूज, दुखणं असेल तर लगेच डॉक्टर गाठा.