आला की आली? नावाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सातवा महिना चालू आहे. मुलगा होवो वा मुलगी, चालेल असं एकच नाव आधी ठरवून ठेवायचं आहे. यादीत किरण, शीतल, स्नेहल, सुमन आणि आर्य आहेत. यातलं खरोखर दोघांना कुठलं चालेल? – एक वाचक, नाशिक

ही पाच नावं एका जातीची नाहीत, म्हणून एकेक घेऊ.

शीतल आणि स्नेहल ही मुळात विशेषणं. संस्कृतात मुलीसाठी 'शीतला' करावं लागतं. मराठीत मात्र शीतल वारा, शीतल छाया, शीतल पाणी. शब्द जागचा हलत नाही. कोमल, निर्मल, मृदुल, प्रांजल, उज्ज्वल त्याच घरातले. व्याकरण दोघांना मुभा देतं. वापराने मात्र एकेकाला एका बाजूला ओढलंय. महाराष्ट्रात शीतल आणि कोमल मुलींकडे कलली आहेत, उज्ज्वल मुलांकडे. स्नेहल अजून मध्यावर आहे.

सुमनची गोष्ट वेगळी. मराठीत 'ते सुमन', 'ते कमळ', 'ते कांचन' असं नपुंसकलिंग, आणि अशी बरीच नावं आपल्याकडे मुलींच्या वाट्याला गेली. हिंदीत नपुंसकलिंगच नाही, तिथे कमल पुल्लिंगी. म्हणून पुण्यातली कमल बहुधा आजी असते आणि लखनौचा कमल बहुधा काका. सुमन आज मुलाला ठेवलंत तर त्याला आयुष्यभर खुलासा करावा लागेल.

किरणचं उलट आहे. मराठीत 'तो किरण', हिंदीत 'सूरज की किरण'. यष्टिरक्षक किरण मोरे आणि पोलीस अधिकारी किरण बेदी, दोन्ही आपल्या परिचयाचे. तुमच्या यादीत सगळ्यात भक्कम नाव हेच.

आर्य हे सामायिक नाव नाहीच. आर्य आणि आर्या ही दोन नावं आहेत, इंग्रजी स्पेलिंग तेवढं एक. अनन्य–अनन्या, काव्य–काव्या यांचंही तसंच. उलटा घोटाळा 'अमेय'चा : इंग्रजीत शेवटी 'ए' लावला की महाराष्ट्राबाहेर त्याची अमेया होते.

ठरवण्याआधी नाव कागदावर नाही, तोंडाने तपासा. 'स्नेहल आला', 'स्नेहल आली'. मग नात्यात घाला : स्नेहलदादा, स्नेहलताई, पुढे स्नेहलकाका, स्नेहलमावशी. शेवटी चिडून हाक मारा. इथेच खरी परीक्षा, कारण मराठी घरात रागाच्या हाकेला लिंग असतंच : मुलगा असेल तर 'ए किरण्या', मुलगी असेल तर 'अगं किरणे'. दोन्ही हाका कानाला खटकल्या नाहीत तर नाव पास.

प्रश्न : पत्रिकेत 'की' अक्षर आलंय. सासूबाई म्हणतात, मुलीच्या नावाची अक्षरं विषम हवीत आणि शेवटी 'आ' हवा. मग किरण कसं चालेल? – एक वाचक, सांगली

सासूबाईंच्या म्हणण्याला आधार आहे. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं आणि मुलीचं विषम अक्षरांचं, आकारान्त असावं असं सांगितलं आहे. पण गंमत बघा. किरण लिहिताना तीन अक्षरं, म्हणजे विषम. बोलताना शेवटचा 'अ' आपण गिळतो, उरतात कि-रण् असे दोनच उच्चार, म्हणजे सम. मुलगा-मुलगी दोन्हींचा हिशोब एकाच नावात बसला. 'आ'ची अट तेवढी राहते, पण ती काटेकोर पाळली तर सामायिक नाव मिळणं जवळपास अशक्य.

'की' हे मृग नक्षत्राच्या चौथ्या चरणाचं अक्षर. ऱ्हस्व-दीर्घाची सूट सर्रास घेतात, त्यामुळे किरण बसतं. हस्ताच्या 'ण'ची किंवा आर्द्रेच्या 'ङ'ची पाळी आली असती तर अडलं असतं. तिथे नावरस नाव पत्रिकेपुरतं ठेवून व्यवहारातलं वेगळं घेण्याची जुनी सोय आहेच. बारशाला कानात दोन्ही सांगता येतात.

प्रश्न : मुलाचं नाव काजल ठेवलं तर चिडवतील का? – एक वाचक, अकोला

हो. आज हे नाव जवळजवळ पूर्णपणे मुलींचं आहे. आवाज तसाच हवा असेल तर प्रांजल बघा.

प्रश्न : आम्ही जर्मनीत असतो. इथे नाव मुलाचं की मुलीचं हे स्पष्ट असावं लागतं असं ऐकलंय. स्नेहल नाकारतील का? – एक वाचक, म्युनिक

ऐकलंत ती जुनी रीत. पूर्वी नावावरून लिंग कळत नसेल तर नोंदणी कार्यालय सोबत दुसरं स्पष्ट नाव लावायला सांगत असे. ती रीत मोडली ती नेमक्या 'किरण'वरून. एका जोडप्याला मुलीचं नाव किरण ठेवायचं होतं, कार्यालयाने दुसरं नाव मागितलं, प्रकरण घटना न्यायालयापर्यंत गेलं. ५ डिसेंबर २००८ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की नावातून लिंग कळलंच पाहिजे असा कायदा नाही. बाळाच्या हिताला बाधा येत असेल तरच आईवडिलांची निवड अडवता येते. निकालाचा क्रमांक १ बीव्हीआर ५७६/०७. कर्मचारी अडला तर हा क्रमांक दाखवा.

आमच्या मते उच्चाराचा विचार जास्त करायला हवा. जर्मनमध्ये 'ई'नंतरचा 'एच' बहुधा नुसता स्वर लांबवतो, त्यामुळे स्नेहलचं 'स्नेआल' होईल. शीतल दोन 'ई' घालून लिहिलंत तर 'शेटाल' ऐकू येईल. किरणचं फार तर 'कीरान'. दोघेही भारतीय नागरिक असाल तर जन्मापासून वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करा, आणि स्पेलिंग जर्मन दाखल्यातलंच, अक्षर न् अक्षर तेच, ठेवा.

प्रश्न : नाव ठरलं नाही तर जन्मनोंद अडते का? आणि अशा नावामुळे दाखल्यात काय चुकू शकतं? – एक वाचक, ठाणे

अडत नाही. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते, नावाची जागा कोरी चालते. नाव नोंदीपासून १२ महिन्यांच्या आत भरलं तर पैसे लागत नाहीत; त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. म्हणून घाईने नको ते नाव लिहू नका. कोरी जागा भरणं सोपं, भरलेलं नाव बदलणं थेट राजपत्रापर्यंत जातं.

चूक होते ती बहुतेक लिंगाच्या रकान्यात. 'शीतल' टाइप करताना हात आपोआप 'स्त्री'वर जातो. दाखला हातात पडला की तिथेच, खिडकीसमोर, चार गोष्टी वाचा : लिंग, मराठीतलं नाव, इंग्रजीतलं नाव आणि आईचं नाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर महाराष्ट्रात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, त्यामुळे त्यातली चूक पुढच्या प्रत्येक कागदावर उतरते. आधार काढताना पडद्यावरचं मराठी नाव वेगळं तपासा. इंग्रजीवरून आपोआप उमटलेल्या मराठीत 'स्नेहल'चं 'स्नेहाल' आणि 'आर्य'चं 'आर्या' झालेलं असू शकतं.