एकाच एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर बॅकअप आणि फायलींची देवाणघेवाण, दोन्ही केलं तर चालेल का?

नका करू. घरात विंडोजचा पीसी, मुलीचा मॅक आणि 2 टीबीची एकच डिस्क, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडेही डिस्क एकच होती.

बडोद्यात कारेलीबागेत आमचं तळमजल्याचं घर. पणजोबा गायकवाड सरकारात कारकून होते. त्यांच्या जमाखर्चाच्या मोडीतल्या वह्या पलंगाखाली ट्रंकेत असायच्या. 2018 च्या सुट्टीत मी त्या पानपान स्कॅन केल्या. 412 पानं, 300 डीपीआय, रंगीत टिफ, पानाला साधारण 25 एमबी. पीसी भरला म्हणून दादाने तो फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर टाकला, तोही कट-पेस्ट करून. मी तेव्हाच म्हटलं, कॉपी कर. म्हणाला, "बॅकअपच तर घेतलाय."

2019 च्या जुलैअखेरीस पाऊस कोसळला आणि विश्वामित्री नदीचं पाणी घरात आलं. ट्रंकेतल्या वह्यांचा लगदा झाला. आई रडायला लागली तेव्हा मीच तिला सांगितलं, स्कॅन आहेत गं.

त्या हिवाळ्यात वहिनीच्या भावाचं लग्न झालं. व्हिडिओ आणायला दादाने तीच डिस्क एडिटरकडे पाठवली. डिस्क एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फाइल-पद्धतीत फॉरमॅट केलेली, आणि एडिटरकडे मॅक. मॅक एनटीएफएस वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. फायली पडेनात म्हणून त्याने डिस्क फॉरमॅट केली आणि वर दीडशे जीबीचं लग्न भरलं. नुसत्या फॉरमॅटनंतर हार्ड डिस्कवरचं बरंच परत काढता येतं, पण जिथे नवं लिहिलं गेलं तिथलं जुनं गेलंच. रिकव्हरीत आमची 61 पानं हाती लागली.

दादा अजून एडिटरलाच बोल लावतो. मला ते मान्य नाही. ज्या दिवशी कट-पेस्ट केलं, त्या दिवसापासून आमच्याकडे बॅकअप नव्हताच. मूळ फाइल जागेवर असताना दुसरीकडे ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप. पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केलेला 3-2-1 चा नियम पाळा: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. 2024 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा उरलेली 61 पानं पुण्याला मावशीच्या कपाटातल्या डिस्कवरही होती.

तुमची 2 टीबीची डिस्क फक्त बॅकअपला ठेवा. ने-आणीसाठी वेगळा पेनड्राइव्ह घ्या आणि तो एक्सफॅट या फाइल-पद्धतीत फॉरमॅट करा, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे लिहिता येतं. फॅट32 नको, त्यात 4 जीबीची फाइलसुद्धा मावत नाही. एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंद, नसतं, त्यामुळे इजेक्ट न करता ओढून काढला तर फायली बिघडू शकतात. डिस्कचे दोन पार्टिशन, म्हणजे वेगळे भाग, केले तर भागेल असं दादा म्हणतो. मॅकच्या आणि विंडोजच्या बॅकअपसाठी खुशाल करा, पण ती डिस्क घराबाहेर देऊ नका. समोरचा माणूस अख्खी डिस्क पुसतो, तेव्हा दोन्ही पार्टिशन जातात.