साटंलोटं, हक्कसोड आणि स्पेनची गादी

प्रश्न : ताई, परवा गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर लग्नाला गेलेलो, जेवताना विषय निघाला की युरोपातले जुने राजे घरातल्या घरातच सोयरिकी करायचे आणि वर हुंडाही घ्यायचे, आपली मुंबईसुद्धा म्हणे हुंड्यातच गेली. खरंय का? आणि नात्यातच का करायचे?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : मुंबईचं अगदी खरंय काका. पोर्तुगालच्या कॅथरिनचं १६६२ ला इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न झालं त्यात मुंबई दिली, आणि या पठ्ठ्याने १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली! एवढ्यात आज कॉलेज रोडला टपरी पण मिळायची नाही.

पण माझ्या मते खरा किस्सा फ्रान्स-स्पेनचा आहे. १६१५ ला दोन्ही घराण्यांनी चक्क साटंलोटं केलं, यांची मुलगी तिकडे, त्यांची इकडे. मग त्यांची मुलं झाली, फ्रान्सचा चौदावा लुई आणि स्पेनची मारिया तेरेसा, त्यांचंही १६६० ला लग्न लावलं, म्हणजे ती त्याची मामेबहीण पण आणि आतेबहीण पण. चर्चला असं जवळचं नातं चालायचं नाही, पण पोपची खास परवानगी काढली की झालं. शिवाय सून कॅथलिकच हवी, तीही बरोबरीच्या राजघराण्यातली, मग स्थळं उरणार किती?

आता मारिया तेरेसाचा हुंडा. पाच लाख सोन्याची नाणी ठरली आणि ती मिळाली की मुलीने स्पेनच्या गादीवरचा हक्क सोडायचा, म्हणजे सातबाऱ्यावर बहिणीची हक्कसोड घेतात ना, तसंच. पण स्पेनची तिजोरी लढायांनी रिकामी झालेली, पैसे काही गेले नाहीत. लुई वस्ताद, सासरा वारल्यावर १६६७ ला त्याने बायकोच्या वाट्याच्या नावाखाली आजच्या बेल्जियमकडच्या स्पॅनिश मुलखावर फौज घातली, हुंडा नाही तर हक्कसोडही नाही म्हणाला.

तिकडे स्पेनमध्ये वेगळीच तऱ्हा. लुईच्या याच सासऱ्याने, म्हणजे चौथ्या फिलिपने, १६४९ मध्ये सख्ख्या बहिणीची मुलगी केली, तीही आधी त्याच्याच मुलासाठी ठरलेली, तो मुलगा वारला म्हणून बापानेच केली, वाचून मला तर कसंतरीच झालं. तिचा मुलगा दुसरा कार्लोस, जबडा एवढा पुढे आलेला की नीट चावताही यायचं नाही, लहानपणापासून आजारी, दोन लग्नं झाली पण मूलबाळ नाही. पिढ्यानपिढ्या मामा-भाची आणि चुलत-मावस लग्नं करून इस्टेट घरात राहिली खरी, पण १७०० मध्ये तो गेला आणि खायला वारसच नाही. मग १७०१ पासून तेरा वर्षं युरोपभर लढाई, आणि शेवटी गादी गेली कुणाकडे, तर लुई आणि मारिया तेरेसाच्या नातवाकडे! आजचा स्पेनचा राजाही त्याच घराण्यातला.