नवी मुंबईतल्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कायम कामगाराला 'कामगार उमराव' म्हणणं बरोबर आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडील रबाळ्याच्या कंपनीतून कायम कामगार म्हणून निवृत्त झाले, ऐरोलीत स्वतःचं घर आहे, आणि तुमच्या एका डाव्या मित्राने त्यांना 'भांडवलदारांनी पोसलेले कामगार उमराव' म्हटलं. मी याच पट्ट्यात नोकरी केली, युनियनच्या कमिटीवर होतो. शिवी म्हणून मित्राचं म्हणणं चूक आहे. त्यामागचा प्रश्न मात्र खोटा नाही.

'कामगार उमराव' म्हणजे बऱ्या पगारामुळे मालकांच्या बाजूला झुकलेला कामगारांचा वरचा थर. कल्पना जुनी. इंग्लंडमधला कामगार दिवसेंदिवस 'बूर्ज्वा', म्हणजे मालकवर्गासारखा, होत चाललाय, अशी तक्रार एंगल्सने १८५८ मध्ये मार्क्सला पत्रातून केली होती. १८८५ च्या लेखात त्याने इंजिनिअर, सुतार, गवंडी यांच्या मजबूत युनियन्सना कामगारांतले उमराव म्हटलं. ४ ऑगस्ट १९१४ ला जर्मनीच्या समाजवादी पक्षाने युद्धखर्चाला संसदेत पाठिंबा दिला, तेव्हा स्वतःला मार्क्सवादी म्हणवणारे असे का फिरले याचं उत्तर लेनिनला द्यावं लागलं. १९१६ मध्ये त्याने मांडलं की वसाहतींतून येणाऱ्या जादा नफ्यातून वरच्या थरातल्या कामगारांना आणि त्यांच्या पुढाऱ्यांना लाच मिळते.

इथे पहिली अडचण. १९१७ मध्ये पेट्रोग्राडमध्ये बोल्शेविकांचा, म्हणजे लेनिनच्या पक्षाचा, भक्कम आधार होता तो धातुकाम करणारा कुशल कामगार, म्हणजे इतरांपेक्षा बरा पगार घेणाराच. चांगला पगार म्हणजे नेभळट राजकारण, हा हिशेब खुद्द लेनिनच्या शहरात जुळला नाही. मार्क्सवादी लेखक टोनी क्लिफने १९५७ मध्ये दुसरा आक्षेप घेतला: सुधारणावाद (क्रांतीऐवजी सुधारणांवर समाधान मानणं) मूठभर वरच्या थरात नव्हे, सगळ्या कामगारवर्गात पसरलाय, मग लाच नेमकी कोणाला?

उलट टोकाला अर्थतज्ज्ञ अर्घिरी इमॅन्युएल. १९६९ मधल्या त्याच्या विषम विनिमयाच्या मांडणीप्रमाणे श्रीमंत देशांतल्या सगळ्याच कामगारांना गरीब देशांच्या कमी मजुरीचा फायदा मिळतो. तुमच्या मित्राला हे जरूर सांगा, कारण या हिशेबाने तुमचे वडील उमरावांत बसतच नाहीत. ते लुटल्या जाणाऱ्यांत येतात!

आपल्याकडे हा वाद युरोपातून आणायची गरज नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराचं विणकाम खातं अस्पृश्य कामगारांना बंद होतं. कारण काय, तर धोट्यात धागा ओढताना तोंड लावावं लागे, आणि इतर कामगारांना त्यांचा विटाळ चालत नसे. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हा मुद्दा लाल बावट्यापुढे, म्हणजे कम्युनिस्टांच्या युनियनपुढे, ठेवला. ती लाच वसाहतीतून आली नव्हती, मालकाने वेगळी दिलेलीही नव्हती. शेजारच्या मागावरचा कामगारच दार अडवून उभा होता. मला हे उदाहरण लेनिनपेक्षा जास्त शिकवतं.

आता आपला पट्टा. तुमच्या वडिलांचा पगार कोणी मेहरबानी म्हणून दिलेला नाही. डॉ. दत्ता सामंतांच्या काळात इथल्या इंजिनिअरिंग आणि केमिकल कंपन्यांत संप झाले, गेट मीटिंगा झाल्या, लोक सस्पेंड झाले, तेव्हा ते करार झाले. त्याला लाच म्हणणाऱ्याने एकदा टाळेबंदीत घर चालवून दाखवावं.

पण नंतर कारखान्यात काय झालं तेही बघा. एकाच मशिनवर दोन माणसं, युनिफॉर्म दोन रंगांचे. कायमवाल्याला कंपनीची बस, कँटीनचं वेगळं कुपन. ठेकेदाराचा पोरगा दिघ्याहून शेअर रिक्षाने येणार आणि हजेरी मुकादमाच्या वहीत लावणार. पगारात दुपटी-तिपटीचा फरक. कंत्राटी कामगार कायदा १९७० मध्येच आला, पण कागदावर मालक ठेकेदारच राहिला. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की कंत्राटी पद्धत बंद केली तरी ते कामगार आपोआप कायम होत नाहीत.

युनियनच्या मागणीपत्रकात 'ठेकेदारीवरच्यांना कायम करा' ही मागणी असतेच. पहिल्याच बैठकीत मॅनेजमेंट म्हणते, 'हा ठेकेदाराचा प्रश्न, पुढे बघू.' मग महिनोन्‌महिने पगारवाढीच्या आकड्यावर ताणाताणी. आकडा जुळत आला, मागच्या तारखेपासूनचा फरक हातात दिसायला लागला, की ते कलम कोणी काढावं लागत नाही, आपसूक गळतं. सभासद कायम, मतं कायमवाल्यांची, पुढच्या निवडणुकीत कमिटीला निवडून देणारेही तेच. मजा अशी की ज्यांच्यासाठी सही होते, त्यांचीच मुलं आज महापे-पावण्यात ठेक्यावर आहेत.

हे अटळ नाही. छत्तीसगडमधल्या दल्ली-राजहराच्या लोहखाणींत १९७७ मध्ये जुन्या युनियन्सनी केलेला करार कंत्राटी खाणकामगारांनी नाकारला आणि कामगार नेते शंकर गुहा नियोगींबरोबर स्वतःची युनियन उभी केली. म्हणून पगाराची स्लिप बघून कोणाला उमराव ठरवू नका, करार वाचा. वडिलांना विचारा, त्यांच्या शेवटच्या करारात ठेकेदाराच्या माणसांचं कलम होतं का, आणि कुठल्या बैठकीत सुटलं. माझ्या पाहण्यातल्या करारांत ते बोनसचा आकडा बोलायच्या आधीच सुटलेलं असायचं.