रत्नागिरीत कॉलेजला आलोय, घर राजापूरला. मेस महिन्याची लावू की कूपनवर जेवू?

पहिला महिना कूपनच घे. दोन वेळची मेस म्हणजे महिन्याला ६० जेवणं, आणि तू दर शनिवारी दुपारच्या एसटीने घरी पळणार. शनिवारची रात्र आणि रविवारच्या दोन्ही वेळा धरल्या तर ४ आठवड्यांत १२ ताटांचे पैसे फुकट. खाडा धरतात का, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करतात का, आणि सलग किती दिवसांचा, हे आधी विचारच. माझे गणपतीतले ७ दिवस असेच बुडाले, त्याची रुखरुख अजून आहे. माशांची मेस असेल तर जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद, ताटात सुकट किंवा अंडंच येणार. पैसे भरण्याआधी एकदा रात्री साडेनऊला जाऊन जेव. भात गरम आहे का, आमटीत पाणी वाढवलंय का, ते तेव्हाच कळतं.