600 वॅटचा पॉवर सप्लाय हप्त्यावर घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आरसी गाडीच्या बॅटऱ्यांसाठी दोन चॅनलचा (म्हणजे दोन पॅक वेगवेगळे चार्ज करता येणारा), मिळून 500 वॅटचा चार्जर घेऊन झालाय, त्याला सप्लाय, म्हणजे घरच्या विजेचं कमी व्होल्टचं डीसी करून देणारा डबा, वेगळा लागतो हे नंतर कळलं, आणि आता 24 व्होल्ट 600 वॅटचा नवा ब्रँडेड सप्लाय सहा हप्त्यांत घ्यायचा का मित्राच्या चार्जरवर आजवर चालत असलेला जुना 12 व्होल्टचा सर्व्हर सप्लाय (सर्व्हर कॉम्प्युटरमधून काढलेला) जवळजवळ फुकटात उचलायचा.

हप्ता नको. मित्राचा घ्या.

आता का ते सांगतो, आणि आकडे लावूनच सांगतो, कारण "मोठा घेतलेला बरा" या एका वाक्यावर लोक किती पैसे घालवतात ते मी रोज बघतो. चार्जरच्या खोक्यावरचे 500 वॅट म्हणजे त्याची कमाल ताकद, तुमची गरज नाही. तुमच्याकडे फोर एस (म्हणजे चार सेल एकापुढे एक जोडलेले) 5000 एमएएचचे बॅटरी पॅक आहेत आणि एका वेळी दोन लावता, म्हणजे एक पॅक वन सी ला, म्हणजे क्षमतेएवढ्याच करंटला, 5 अँपिअर घेणार, शेवटी व्होल्टेज 16.8 ला जाणार, गुणाकार केला की 84 वॅट, दोनाचे 168. चार्जर स्वतः थोडी पॉवर उष्णतेत घालवतो, 15 टक्के धरा, म्हणजे सप्लायकडून साधारण 200 वॅट ओढले जाणार. सप्लाय 80 टक्क्यांच्या वर सतत राबवू नये म्हटलं तरी 250 वॅटचा पुरला! उरलेले साडेतीनशे वॅट नुसते कपाटात पडून राहणार आणि त्यांचा हप्ता मात्र तुम्ही भरणार.

आणि मोठ्या सप्लायने चार्जिंग लवकर होईल असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा, वन सी ला तासाभराच्या आसपास लागणारच, सप्लाय कितीही मोठा असला तरी. वेळ वाचतो तो एकदम जास्त पॅक लावले तरच. चार पॅक एकावेळी लावायचे झाले तर हाच हिशेब 500 वॅटपर्यंत जातो आणि मग तुमचा 600 वाला बरोबर ठरतो, पण तुम्हीच लिहिलंय की पॅक तीन आहेत.

12 व्होल्टची एक मर्यादा आहे ती लक्षात ठेवा. तुमच्या चार्जरची इनपुट करंटची मर्यादा तुम्ही 25 अँपिअर सांगितलीत, म्हणजे 12 व्होल्टवर तो 300 वॅटच आत घेऊ शकतो, बाहेर अडीचशेच्या आसपास. पूर्ण 500 हवे असतील तर 24 व्होल्टच लागतं. म्हणून पुढे कधी विकत घ्याल तेव्हा 24 चाच घ्या, वॅट थोडे कमी चालतील, चार्जर बदलला तरी सप्लाय तोच राहतो त्यामुळे हा पैसा तसा लांब चालणारा आहे. (घेताना त्या चार्जरला 24 चालतं ना एवढं बघा, काही छोटे चार्जर 18 व्होल्टलाच थांबतात.)

मित्राकडे तसे दोन सप्लाय असतील आणि तो म्हणाला की सिरीजमध्ये जोडून 24 करू, तर नाही म्हणा. या सप्लायचं निगेटिव्ह बहुतेक वेळा बॉडीला आणि अर्थिंगला जोडलेलं असतं, तसेच जोडले की शॉर्ट, आणि ते टाळायला अर्थिंग तोडणारे लोक आहेत, तेवढी बचत करायची गरज नाही कुणालाच. एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो जाळीच्या डब्याचा एसएमपीएस (तोही एक पॉवर सप्लायच) स्वस्त दिसतो, पण त्याचे मेन्सचे, म्हणजे घरच्या विजेचे, स्क्रू जवळजवळ उघडेच असतात, वरून बॉक्स, फ्यूज, अर्थिंगची वायर हे सगळं धरा आणि मग किंमत बघा. घरात लहान मूल आहे म्हणालात, तर तो विषय संपला.

सर्व्हर सप्लायचा फॅन आवाज करतो, ते सहन करावं लागेल. वॉरंटी नाही. घेण्याआधी मित्राकडेच दोन पॅक लावून बघा, वायर किंवा कनेक्टर गरम होतोय का, आणि लोडवर व्होल्टेज 12 च्या खाली किती उतरतंय, चार्जरच्या स्क्रीनवर ते दिसतं.

राहिला हप्ता. बिनव्याजी म्हणून दाखवतात त्यात बऱ्याचदा प्रोसेसिंग फी असते, रोख घेतल्यावर मिळणारी सूट जाते, आणि तुमचा इमर्जन्सी फंड अजून दोन महिन्यांच्या खर्चाएवढासुद्धा नाही. तीच हप्त्याची रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. सहा महिन्यांनी सिक्स एस (सहा सेलच्या) पॅकवर गेला असाल किंवा चौथा पॅक आला असेल तर रोख देऊन 24 व्होल्टचा घ्या, नाहीतर ते पैसे इमर्जन्सी फंडात वळवा.