पाणकणीस, रामबाण आणि लव्हाळा

निफाडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयाच्या काठाला पाण्यात उभी राहणारी, तपकिरी कणसांची उंच वनस्पती असते. तिला कोणी लव्हाळा म्हणतं, कोणी रामबाण, कोणी पाणकणीस. खरं नाव कोणतं? आणि लिहायचं ‘पान’ की ‘पाण’?

लेखनाचं आधी सांगतो. ‘पाण’च. पाणकोंबडी, पाणकावळा, पाणवठा, पाणलोट या शब्दांत पाण्याचं जे होतं तेच इथेही झालंय. ‘पानकणीस’ लिहिलं की पानाशी नसलेलं नातं जोडलं जातं.

पाणकणीस आणि रामबाण ही एकाच वनस्पतीची नावं. जंगली बाजरी हे तिसरं. लव्हाळा मात्र वेगळा, मोथ्याच्या कुळातला. ओळखायचं असेल तर दांडा बोटांत धरून फिरवा. लव्हाळ्याच्या दांड्याला बहुधा तीन धारा लागतात, पाणकणसाचा गोल असतो. उंचीही बघा: पाणकणीस सहज दोन-अडीच मीटर जातं. तुकोबांच्या ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती’ या ओळीत म्हणूनच पाणकणीस घुसडू नये. ते मुळात वाहत्या धारेचं नव्हे, साचलेल्या उथळ पाण्याचं.

नांदूर मध्यमेश्वरला ते माजतं ते यामुळेच. गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी बंधारा घातला, मागे वर्षानुवर्षं गाळ बसला, पाणी उथळ झालं. 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं ते हेच. पाणकणसाचं आडवं खोड त्या चिखलात पसरत जातं आणि जागोजागी नवे कोंब वर काढतं. झाड बारमाही. वरची पानं वाळली तरी चिखलातलं खोड जिवंत असतं, म्हणून वरवर कापून ते हटत नाही. पाण्याखाली कापलं तर मात्र गुदमरतं, कारण पोकळ्यांनी भरलेल्या पानांतूनच खाली हवा पोचते.

त्या दाटीत पाणकोंबड्या घरटी करतात, तेव्हा सरसकट उपटून टाकण्याच्या मी विरुद्ध आहे. पण मोकळं पाणीही राहायला हवं. बदकांना तेच लागतं.

आता कणसाकडे जरा निरखून बघा. तपकिरी, मखमली भाग मादीफुलांचा. त्याच्या वर नरफुलांचा तुरा असतो. पराग सांडला की तो गळतो आणि नुसती काडी उरते. पिकलेलं कणीस चिमटीत दाबलं की कापूस फुगून बाहेर येतो आणि एकेका तंतूवर बारीकसं बी वाऱ्यावर निघतं.

व्याकरणात ते कणसासारखंच चालतं: ते पाणकणीस, ती पाणकणसं, पाणकणसात. दाटीला ‘झुडूप’ म्हणू नका, बांबूप्रमाणे ‘पाणकणसाचं बेट’ म्हणा.